भगवंतरावांच्या मोटारीची पेटी

मेहकरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्याला लागून बद्रुद्दीनचं. मध्ये नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे तिकडं कोणी खोकलं तरी इकडं कळतं.

बद्रुद्दीनचे वडील टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचे. टांगे गेले, मग बापलेकांनी जीपचे हूड शिवले. जीपही कमी झाल्या आणि बद्रुद्दीनच्या वाट्याला मोटारसायकलचे सीट कव्हर आले. रेक्झिन ताणायचं, बारीक खिळ्यांसारख्या चुका ठोकायच्या, वीस मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. तो ते करायचा, पण मनापासून नाही. मला म्हणायचा, "याले काम म्हणता का भाऊ? लिफाफे चिकटवणं झालं हे."

२०१७ साली पोळा झाल्यावर भगवंतराव त्याच्याकडं आले. त्यांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान गावात सगळ्यात मोठं. त्यांनी कुठल्याशा देशमुखाच्या गोठ्यातून १९३४ सालची एक इंग्रजी मोटार विकत घेऊन ती चालू करून आणली होती. जानेवारीत नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. त्यांनी एक फोटो बद्रुद्दीनसमोर ठेवला. तशाच मोटारीच्या मागे घडी होणारं लोखंडी कॅरिअर, त्यावर चामडी पट्ट्यांनी आवळलेली काळी पेटी, आणि दाराखालच्या पायरीवर सामान अडवायला सरकती जाळी.

"मिस्तरी, हुबेहूब असंच पाह्यजे. रेक्झिन नाई, प्लास्टिक नाई. परीक्षक लोक नकली चीज लगेच ओळखतात."

"चामडं लावू म्हणता?"

"मंग काय सांगून राह्यलो?"

खरं चामडं लाव असं बद्रुद्दीनला पंधरा-वीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो भगवंतरावांच्या गोदामात जायला लागला. मोटार तिथंच, खतांच्या पोत्यांशेजारी उभी होती. कॅरिअरसाठी लोहार थेट पत्र्याला भोकं पाडायला निघाला, तेव्हा बद्रुद्दीननं त्याचा हात धरला. मागचा पत्रा बोटांनी चाचपत बसला, दोन ठिकाणी रंग खरवडला आणि लांबीच्या लगद्यानं बुजवलेली चार जुनी भोकं शोधून काढली. मूळचं कॅरिअर तिथंच होतं. संध्याकाळी माझ्याकडं आला तो हसतच. "ज्यानं पह्यले बसवलं होतं ना भाऊ, त्याचं माप अन् माहं माप एक निघालं!"

पेटी त्यानं लाकडाची केली, मोटारीच्या पाठीला जसा उतार होता तसाच उतार देऊन. वरून ताडपत्रीचं जाड कापड, कोपऱ्यांना चामडं, आतून निळं अस्तर. पट्टे दोन सुयांनी, मेणाच्या दोऱ्यानं हातानं शिवले. एवढं करूनही भगवंतरावांनी बकलं परत पाठवली. एकदा नाही, तीनदा. "चकाकतात. नवी वाटतात." शेवटी बद्रुद्दीननं वडिलांच्या वेळच्या साजाची पितळी बकलं घरून उकरून काढली, तेव्हा कुठं ते "हाव" म्हणाले.

याच महिन्यांत बीबी गावात त्याची बायको सलीमा कपाशी राखत होती. तिच्या वडिलांकडून तिच्या नावावर तीन एकर जमीन आली होती, आणि हंगामात ती तिकडंच भावाच्या घरी राहायची. बियाणं तिनं भगवंतरावांच्याच दुकानातून घेतलं होतं. याला बोंडअळी लागतच नाही, असं काउंटरवर सांगितलं गेलं. बिल मागितलं तर "पुढच्या खेपेला."

दिवाळीनंतर ती पिशवीभर बोंडं घेऊन बसनं आली आणि थेट दुकानात शिरली. बोंडं बाहेरून हिरवीगार, टपोरी. तिनं एकेक दातानं फोडून कव्हर शिवायच्या मेजावर ठेवलं. आत कवडी होऊन घट्ट बसलेला काळपट कापूस आणि गुलाबी अळी. दहा बोंडं फोडली, दहाही तशीच.

"तुम्ही रोज त्याच्या गोदामात जाता," ती म्हणाली. "त्याले म्हणा, एकदा येऊन वावर पाह्य."

बद्रुद्दीन चार बोंडं खिशात घालून गेला. परत आल्यावर काय झालं ते त्यानं मला सांगितलं. भगवंतरावांनी बोंड हातातसुद्धा घेतलं नाही. "हवामान आहे मिस्तरी. साऱ्या जिल्ह्यात आहे. तू पह्यले ती जाळी पाह्य, सरकताना अडकून राह्यली."

बीबीच्या उकंडराव नावाच्या शेतकऱ्यानं मग कृषी खात्याकडं तक्रार करायचं ठरवलं. चाळीसेक जणांनी तेच बियाणं पेरलं होतं. पण बिल कोणाकडंच नव्हतं, आणि रिकाम्या थैल्या पेरणीनंतर सगळ्यांनी फेकून दिल्या होत्या. सलीमाला आठवलं, एक थैली आपल्या नवऱ्यानं मेहकरला नेली आहे. खरंच नेली होती. थैली जाड, म्हणून तो तीत चुका ठेवायचा. तिच्यावर लॉट नंबर होता आणि मागे भगवंतरावांच्या दुकानाचा शिक्का. उकंडराव येऊन बघून गेले. म्हणाले, "सोमवारी अर्ज देऊ, तवा घेऊन या. आमच्यापाशी एवढंच आहे."

शनिवारी दुपारी भगवंतराव स्वतः आले. कोणी कानावर घातलं कोण जाणे. माझ्या डोळ्याला भिंग होतं, हातात एक बंद पडलेलं घड्याळ. पत्र्यापलीकडचा शब्दन् शब्द मी ऐकला.

"नागपूरच्या मेळाव्यात वीस-पंचवीस गाड्या असतीन," ते म्हणाले. "सगळे पैसेवाले लोक. पेटी कोनी केली म्हणून इचारतीनच. मी तुहं नाव सांगतो. मंग सीट कव्हर शिवाची गरजच नाई तुले."

बद्रुद्दीनची हातोडी चालूच होती.

"ती थैली आहे म्हणे तुह्यापाशी. दे मले."

"भाऊ, वावर बायकोचं आहे."

"वावर तं गेलंच आता. थैलीनं बोंडं फुटतीन काय बे?"

बराच वेळ शांतता होती. मग फरशीवर चुका ओतल्याचा आवाज आला.

मी उठून तिकडं जाऊ शकलो असतो. चार शब्द बोललो असतो तर कदाचित त्याचा हात थांबला असता. माझ्या दुकानाची जागा भगवंतरावांच्या मेहुण्याची आहे. मी भिंग काढलं नाही.

सोमवारी उकंडरावांना बद्रुद्दीन म्हणाला, "सापडून नाई राह्यली." ते त्याच्याकडं बघत राहिले, मग मेजाखालच्या चुकांच्या ढिगाकडं बघितलं आणि निघून गेले. अर्ज तसाच दिला. अधिकारी आले, कपाशी पाहिली, कीड लिहून घेतली. बियाणं कोणी विकलं या रकान्यात लिहायला पुरावा नव्हता.

जानेवारीत मोटारीला नागपूरला बक्षीस मिळालं, मूळ रूप जपल्याबद्दल. पेपरात फोटो आला. पेटीशेजारी भगवंतराव उभे, आणि खाली छापलेलं की पेटी, पट्टे आणि कॅरिअर मालकांनी खास इंग्लंडहून मागवले. बद्रुद्दीननं तो पेपर घेऊन त्यांचं दुकान गाठलं. मी सोबत होतो.

"भाऊ, असं काऊन छापलं?"

भगवंतराव गिऱ्हाइकाला खताचं सांगत होते. वर न बघता म्हणाले, "मेहकरच्या सीट कव्हरवाल्यानं केली सांगतलं असतं तं बक्षीस भेटलं असतं का?"

साहजिकच नागपूरहून त्याच्याकडं कोणी आलं नाही. इंग्लंडच्या पेटीसाठी मेहकरला कोण येणार?

आठवड्यानं तो बीबीला गेला. उकंडरावांच्या अंगणात पाच-सात माणसं बसली होती, सलीमा आणि तिचा भाऊही होते. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. थैली होती, मी दिली. त्याला वाटलं होतं लोक शिव्या देतील, कोणी अंगावर येईल. उकंडराव एवढंच म्हणाले, "आता सांगून कोनाले काय फायदा?" आणि कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला ट्रॅक्टर कधी येतो ते शेजारच्याला विचारायला लागले.

सलीमा त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मी इथंच राहीन. मले न इचारता दिली ना? आता वावराकडं येऊ नका." बस आली तेव्हा ती वळून चालायला लागली होती.

ती अजून बीबीलाच आहे. सोयाबीन पेरते, तूर पेरते. ईदला भावाच्या पोरीच्या हाती डबा पाठवते, स्वतः येत नाही. बद्रुद्दीन सीट कव्हर शिवतो. आता कुरकुरत नाही, कामाबद्दल चकार शब्द काढत नाही. वीस मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं.

गेल्या उन्हाळ्यात मीच एकदा विषय काढला. म्हटलं, "बद्रुभाई, त्या शनिवारी मी सगळं ऐकलं होतं. मी उठाले पाह्यजे होतं."

त्यानं दोरा दातानं तोडला. "मले माहीत होतं तुम्ही ऐकून राह्यले," तो म्हणाला. "थैली देण्याआधी मी थोडा थांबलो होतो. तुम्ही येता का, तेच पाहत होतो."