हळूबाईंचं नाव यादीत नव्हतं

ज्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून माझ्या लेकीला भूल द्यायची होती, त्यांचं नाव सरकारी आरोग्य विम्याच्या यादीत नव्हतं. हे मला दुपारी सव्वाबाराला कळलं. दीडपर्यंत संमतीपत्रावर सही केली नाही, तर ऑपरेशनची वेळ दुसऱ्याला जाणार होती.

इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत त्यांना सगळे हळूबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. पन्नाशीच्या, बारीक कापलेले पांढरे केस, पायात रबरी सपाता, गळ्यातल्या स्टेथोस्कोपला एके ठिकाणी चिकटपट्टी. सगळे धावत असतात तिथे या बाई गॅसवर दूध ठेवून उभं राहावं तशा वावरतात. मला तेव्हाच खटकलं होतं. तातडीच्या खोलीतली डॉक्टर, आणि हिला घाई कशी नाही?

लेक नऊ वर्षांची. तीन आठवडे खोकत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिला होता. त्या दिवशी शाळेतून फोन आला, धाप लागली आहे, म्हणून आम्ही तिला थेट तिकडे नेलं. हळूबाईंनी ऑक्सिजन लावला आणि बराच वेळ तिची छाती नुसती ऐकत राहिल्या. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. मग विचारलं, "पेन चावतेस का गं?"

"सगळीच मुलं चावतात," मी म्हटलं.

"मी तिला विचारतेय. पेनाच्या मागचं बूच कुठे गेलं?"

"कुठलं बूच?" असं म्हणून लेक छताकडे बघायला लागली.

श्वास आत घेऊन एक आणि सोडून एक, असे दोन एक्स-रे झाले. ते उजेडासमोर धरून हळूबाई म्हणाल्या, "मला हा दमा वाटत नाही. दम्यात दोन्ही बाजू वाजतात, हिची एकच वाजतेय. उजव्या श्वासनळीत काहीतरी अडकलंय. भूल देऊन दुर्बिणीनं काढावं लागेल, आणि आजच. घशाचे सर्जन काढतील. तेवढी विम्याची मंजुरी घेऊन या."

विम्याच्या खिडकीतल्या मुलीनं नाव टाइप केलं, मान तिरकी केली, परत टाइप केलं. "मॅडमचं नाव येत नाही."

"म्हणजे?"

"योजनेच्या डॉक्टरांत त्या नाहीत. पण चालेल, शिक्का मोठ्या सरांचा आहे, ते यादीत आहेत."

मी मंजुरीचा कागद ओढून घेतला. सही हळूबाईंची आणि खाली शिक्का दुसऱ्याच डॉक्टरांचा.

"अहो, पण सही तर बाईंची आहे."

"ताई, रोज असंच जातं."

रोज असंच जातं म्हणजे काय? ही बाई डॉक्टर नसेलच तर? दम्यानं बेजार झालेल्या पोरीला उगीच भूल द्यायची? आणि असेल, तर माझ्या शंकेपायी ते बूच आणखी आत सरकायचं.

नवरा म्हणाला, "तुला सगळ्यांचेच कागद बघायचे असतात. लग्नाआधी माझी मार्कशीटसुद्धा मागितली होतीस."

"बरं झालं मागितली. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले होते तुझे."



मी कॅज्युअल्टीत गेले. हळूबाई एका आजोबांच्या बोटाला पट्टी बांधत होत्या. मी सरळ विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात ना?"

आजोबांनी हात मागे घेतला.

"आणा इकडे," हळूबाईंनी त्यांचा हात परत धरला. मग माझ्याकडे न बघता एक आकडा सांगितला. "माझा नोंदणी क्रमांक. वैद्यकीय परिषदेच्या यादीत घाला मोबाइलवर."

घातला. नाव आलं, पदवी आली, तातडीच्या उपचारांतली वरची पदवी आली, नोंदणी चालू होती. फोटोत मात्र लांब वेणीची, रागीट पोरगी होती.

"या तुम्ही?"

"केस होते तेव्हा."

फोटोत कानाखाली तीळ दिसत होता. त्यांनी माझी नजर ओळखली आणि मान वळवून कानाची पाळी वर केली. तीळ होता. मला शरम वाटली, तरी विचारायचं ते विचारलंच. "मग योजनेत नाव का नाही?"

"अर्जात विभाग निवडावा लागतो. हाडं आहेत, डोळे आहेत, पोट आहे, आमचा विभागच नाही. तीनदा अर्ज केला. एकदा त्यांनी मला डोळ्यांत घातलं. आठवडाभर लोक मोतीबिंदू दाखवायला येत होते. तेव्हापासून हे." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. मोठ्या सरांचा शिक्का बँकेतल्या पेनासारखा दोरीनं बांधून ठेवला होता. "अकरा वर्षं झाली."

"हे चुकीचं नाही का?"

"आहे की." त्यांनी पट्टीला गाठ मारली. "तुमच्या त्या दम्याच्या डॉक्टरांचाही नंबर बघितला होता का?"

त्यांचं नाव योजनेच्या यादीत होतं. दवाखान्याच्या दारावर तशी पाटीच आहे. तेवढ्यावर मी तीन आठवडे काही विचारलं नव्हतं.  एक वाजून वीस मिनिटांनी संमतीपत्रावर सही केली.

साडेतीनला घशाचे सर्जन स्टीलची वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत निळं बूच होतं, चावून चावून चपटं झालेलं.

तिसऱ्या दिवशी घरी जाण्याचा कागद मिळाला. उपचार करणारे डॉक्टर म्हणून त्यावर सर्जनचं नाव होतं आणि मोठ्या सरांचं. हळूबाईंचं कुठेच नव्हतं. मी खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "बाईंचं नाव घाल."

"खाडाखोड केली तर मंजुरी अडकेल, ताई."

मग मी मोठ्या सरांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. बाहेरचा शिपाई म्हणाला, "सर गुरुवारी असतात."

"आज गुरुवारच आहे."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मग पुढच्या गुरुवारी या."

योजनेच्या कार्यालयाला पत्र लिहून झालं आहे. घडलं ते सगळं त्यात आहे, अगदी दोरीसकट. लेक शेजारी झोपली आहे. मी दोनदा तिच्या छातीला कान लावून पाहिला, दोन्ही बाजू सारख्या वाटतात. मोठ्या सरांना मी अजून पाहिलेलं नाही, पण कागदावरच्या शिक्क्यात त्यांचा नोंदणी नंबर आहे. पाकीट बंद करण्याआधी तो परिषदेच्या यादीत घालून बघते.