माहूरच्या धुक्यात आत्या

बाबांचे गुडघे आणि आत्याचं ब्लडप्रेशर, दोन्हींचा कारभार आमच्या घरी आईकडे आहे. त्यामुळे डिसेंबरात कुणीतरी मोबाईलवर माहूरगडाच्या धुक्याचा व्हिडिओ पाठवला, आणि बाबा नि त्यांची ही थोरली बहीण दोघंही एकदा चढून येऊ म्हणाले, तेव्हा आईनं भाकरी थापता थापताच नाही म्हणून टाकलं.

आठवड्याभरानं बाबा गुडघा दाखवायला नांदेडला गेले. मुक्काम तिथल्या मित्राकडे. ते लातूरच्या स्टँडवर पोचलेही नसतील, तोच आत्या दारात हजर. ती आमच्याच गल्लीत राहते, निवृत्त मास्तरीण, वय अडुसष्ट. रेणापूरला मैत्रिणीच्या नातीचं लग्न आहे, हळदीपासून राहावं लागेल, सोबतीला पोरीला पाठव, असं तिनं आईला सांगितलं. पोरगी म्हणजे मी, चौतीस वर्षांची. रिक्षात बसल्यावर आत्या हळूच म्हणाली, "रेणापूर न्हाई, माहूर. स्वेटर घेतलास का?"

घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही गडाची वाट धरली. धुकं एवढं दाट की पुढं चालणारी आत्या मला नुसत्या चपलांच्या आवाजावरून कळत होती. दमले असं ती एकदाही म्हणाली नाही. दर वळणावर थांबून देखावा बघते म्हणायची. देखावा हातभरही दिसत नव्हता.

तटाच्या पायऱ्यांशी आलो तर वरून दोन माणसांचं बोलणं ऐकू आलं. एकजण दुसऱ्याला समजावत होता की डॉक्टरकडे जायची काही गरज नाही, घरी दाखवायला एखादी मलमाची ट्यूब नेली की झालं. तो आवाज बाबांचा होता.

मी परत फिरायला लागले. आत्यानं मात्र तोंडावर पदर धरला आणि आवाज जाड करून विचारलं, "लातूरचे पाव्हणे ना? गुडघ्याचं काय म्हणले डॉक्टर?"

वरून बाबा सावकाश म्हणाले, "त्यांनीच चढायला सांगितलंय. आपण कोण?"

"तुमच्या घरच्यांच्या ओळखीची हाय."

त्यावर बाबांनी विनवणी सुरू केली. घरी यातलं काही कळू देऊ नका, पुन्हा असं होणार नाही, वगैरे. आत्यानं ती नीट ऐकू आली नाही म्हणून परत म्हणायला लावली. तिसऱ्यांदा तिला हसू आवरलं नाही. ते हसणं बाबांनी जन्मभर ऐकलेलं. धुक्यातून आधी त्यांची माकडटोपी उतरली, मग ते.

"आक्का, तुझं बीपी?"

"लातूरलाच ठेवून आले."

उरलेला गड बाबांचा नांदेडचा मित्र धरून आम्ही चौघांनी मिळून चढला. तटावर बसून त्या मित्राचा चिवडा खाल्ला. मधेच धुकं फाटून खालचं सागाचं रान दिसलं, तेव्हा दोघं भावंडं शाळा बुडवून आल्यासारखी एकमेकांकडे बघून हसली. आईला संशय येऊ नये म्हणून आम्ही त्याच दिवशी निघायचं, बाबांनी एक दिवस उशिरा, असं ठरलं.

रेणुकामातेचा तांबूल, म्हणजे देवीच्या कुटलेल्या विड्याचा प्रसाद, घेतल्याशिवाय परतायची आत्याची हिंमत झाली नाही. लग्नातला विडा म्हणून तिनं तो आईच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी बाबा आले, आणि मित्राच्या बायकोनं दिलाय म्हणून त्यांनीही तसलीच पुडी काढली.

आईनं दोन्ही पुड्या ओट्यावर शेजारी शेजारी उघडल्या, वास घेतला आणि आत्याला बोलावून घेतलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात ओळीनं उभे. आई म्हणाली, "मला का न्हाई नेलं?"

तूच नाही म्हणाली होतीस, असं बाबा चाचरत बोलले.

"तुमच्या गुडघ्याला न्हाई म्हणले. माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

मग तिनं दोन्ही पुड्यांमधला तांबूल एकटीनं संपवला. जानेवारीत ती आणि मी माहूरला जाऊन आलो. बाबा आणि आत्या लातूरलाच राहिले. आईनं त्या दिवसाची दोघांसाठी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती.