शिट्टीला उत्तर

तलावाच्या त्या कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी टेकड्या. वारा आत शिरायचा तर त्याला वाट विचारत यावं लागतं, आणि अकराच्या आधी तो काही उठत नाही. म्हणून नवशिक्यांना कयाक ही एकट्याची निमुळती होडी आणि उभ्याने वल्हवायचे बोर्ड शिकवायला ही जागा अगदी सोन्यासारखी. बादलीत पाय घालतानाही ज्यांच्या तोंडचं पाणी पळतं, अशी माणसं इथे दोन तासांत तरंगत्या नारिंगी बोयांपर्यंत जाऊन येतात आणि पुढे वर्षभर ते लोकांना ऐकवतात.

त्यांना शिकवते ताई. सोळा वर्षं झाली. शिकवते म्हणजे आधी पाडते. कमरेएवढ्या पाण्यात माणसाला कयाकमध्ये बसवायचं आणि काही न सांगता ती सरळ उलटी करायची. माणूस नाकातोंडात पाणी जाऊन उभा राहतो, शिवी गिळतो आणि मग हसतो. ‘‘झालं? आता यापेक्षा वाईट काही होणार नाही,’’ ताई म्हणते. हल्ली हे म्हणताना त्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचत नाही. तोंड आपलं काम करतं.

चौदा महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. पाण्यात नव्हे; दाढी करता करता, आरशासमोर. नळ चालू होता, तो तिने आधी बंद केला. त्या सकाळचं तिला तेवढंच आठवतं. लोक म्हणाले, बाई धीराची, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. धीर कसला डोंबलाचा! पायाला मुंग्या आलेला माणूस काट्यावरून चालला म्हणून त्याला कोणी शूर म्हणत नाही. पंधराव्या दिवशी ती वर्ग घ्यायला आली, कारण घरी बसून काय करायचं हे तिला सुचेना.

वर्गाचा एक नियम नवऱ्याने घालून दिलेला होता. एक जण पाण्यात, एक जण काठावर. काठावरच्याने दर पंधरा मिनिटांनी लांब शिट्टी वाजवायची आणि पाण्यातल्या प्रत्येकाने, शिकवणाऱ्यानेसुद्धा, उत्तर द्यायचं. डोक्यावर हात ठेवला तर ठीक आहे. दोन्ही हातांनी वल्हं डोक्यावर आडवं धरलं तर मदत हवी. मग काठावरून दोन आखूड शिट्ट्या, म्हणजे ‘दिसलं’, येईपर्यंत ते वल्हं खाली घ्यायचं नाही.

काठावरची जागा नवऱ्याची. ती रिकामी झाल्यावर सासूबाई एक दिवस घडीची खुर्ची घेऊन तिथे येऊन बसल्या. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे. ‘‘मला पोहता येत नाही, पण फुंकता येतं,’’ म्हणाल्या. तेव्हापासून त्यांची शिट्टी एक मिनिटही इकडची तिकडे झाली नाही. शिकाऊ मंडळी त्यांना शिट्टीआजी म्हणू लागली.

सासूसुनेचं पूर्वी फार गूळपीठ होतं असंही नाही. टॉवेल कसे वाळत घालावेत यावर त्यांची वीस वर्षं धुसफुस चाललेली. आता तीही थांबली होती. जेवायला समोरासमोर बसत, मीठ हवं का एवढं विचारत. रोज सकाळी सासूबाई बाथरूमचा नळ दोनदा पिळून बघत आणि ताई ते न पाहिल्यासारखं करत असे.

मग थोरल्या दिरांचा फोन आला. आईला या वयात ही दगदग कशाला, रविवारी गाडी घेऊन येतो, आता कायमची माझ्याकडे राहू दे.

‘‘तुझं काय म्हणणं?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आई.’’

‘‘तुला माझी अडचण नको व्हायला.’’

‘‘अडचण कसली.’’

संपलं बोलणं! भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? सासूबाईंना ‘राहा’ एवढा एक शब्द हवा होता. ताईला तो द्यायचाही होता. पण शोधायला गेलं की आत काही हाताला लागायचंच नाही. या गेल्या की घरात आपण एकटी, हे तिला दुसऱ्याच्या घरची हकिकत कानावर यावी तसं कळत होतं. आठ दिवस दोघींनी मिठाची गुळणी धरली आणि शनिवारी सासूबाईंनी बॅगा भरल्या. ताईने बॅगांच्या चेन लावून दिल्या.

रविवारी वर्गाला आठ जण होते. त्यातले दातांचे डॉक्टर बोर्डवर गुडघे टेकून असे बसले होते, जणू आता स्वतःचाच दात उपटायचा आहे. ‘‘पायांकडे बघू नका, समोर बघा,’’ ताई सांगत होती.

समोर, काठावर, दिरांची गाडी येऊन थांबली. घरूनच घेतलेल्या दोन बॅगा डिकीत होत्या. पाण्यावरून आवाज स्वच्छ ऐकू येतो.

‘‘चल आई, ऊन वाढतंय.’’

‘‘वर्ग संपल्याशिवाय मी उठणार नाही. काठावर कोणीतरी लागतं.’’

‘‘आणि उद्यापासून?’’

सासूबाईंनी घड्याळ पाहून लांब शिट्टी वाजवली.

सात हात सात डोक्यांवर गेले. डॉक्टरांनी बोर्ड न सोडता कपाळाला नुसतं बोट लावलं. ताईचा हातही सवयीने निघाला. चौदा महिने तो असाच जात होता, दिवसातून दहा वेळा, ठीक आहे, ठीक आहे. आज तो कानापर्यंत आला आणि थांबला. तिने हात खाली घेतला, वल्हं दोन्ही हातांत धरलं आणि डोक्यावर आडवं उचललं.

पाणी आरशासारखं सपाट होतं. कयाक जराही हलत नव्हती.

‘‘ताई, काही झालं का?’’ डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

‘‘हो,’’ ताई म्हणाली.

काठावर सासूबाई खुर्चीतून उठल्या. उठल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. दीर म्हणाले, ‘‘अगं, तिला काय झालं? बुडतेय की काय?’’ सासूबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं. ताईचे खांदे भरून आले, दंड थरथरू लागले. नियम नियम होता. तिने वल्हं खाली घेतलं नाही. हात दुखत होते, चांगलेच दुखत होते, आणि ते तिला कळत होतं.

दोन आखूड शिट्ट्या झाल्या. दुसरी जरा फाटली.

ताईने वल्हं मांडीवर ठेवलं. पाण्यावरून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘बॅग काढ खाली.’’

‘‘कुठली?’’

‘‘दोन्ही.’’