चुन्याचा डबा

अमरावतीच्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून व्हॉलीबॉलचं मैदान दिसतं. हे तिथे वस्तीतल्या मुलींना शिकवायचे. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची आणि पान न उलटता खेळ पाहायची. यांना जाऊन वर्ष होत आलं. अजूनही ऊन कललं की मी पुस्तक शोधू लागते.

मैदानावर एक रीत होती. पुढच्या सामन्यात जिला बाहेर बसवायचं, तिच्या हातात हे काही न बोलता चुन्याचा डबा द्यायचे. तिने मैदानाच्या रेषा आखायच्या. कुणाला तोंडावर वाईट बोलायला नको म्हणून काढलेली ही युक्ती; पण मुली त्या डब्याला रागावण्यापेक्षा जास्त भ्यायच्या.

हे गेले त्याच्या आदल्या वर्षी भातकुलीहून येणाऱ्या एका नव्या मुलीला यांनी सेटर केलं. सेटर जाळीपाशी उभी राहून चेंडू उचलून देते. तो कुणी मारायचा हे तीच ठरवते. मुलीचा हात हलका होता, पण ऐनवेळी ती गोंधळायची. एकीने उंच उडी घ्यावी आणि हिने चेंडू भलतीकडेच द्यावा. अकोल्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो.

मीही सोबत गेले होते; परतीच्या एसटीत कप्तान आमच्या पुढच्या बाकावरून मागे वळली. तिचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष.

"सर, बसवा ना तिले आता."

"तूर आहे थे. सोयाबीनसंगं कापतेत का तुरीले? संक्रांतीपर्यंत थांबा लागते."

"तूर येईपर्यंत माहं कॉलेज संपून जाईन. मंग मी काय तुराट्या वेचू?"

सगळी एसटी हसली. हेही हसले. भातकुलीची मुलगी तेवढी खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी यांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. "कप्तानाचंबी खरंच आहे," एवढंच म्हणाले. एकीला वेळ द्यायचा तर तो दुसरीच्या वाट्यातून जातो, याचं उत्तर मला माझ्या पुस्तकांत कधी सापडलं नाही. त्यांनाही सापडलं नसावं.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन मैदानावर गेले. पण तो कुणाच्याच हातात न देता हे स्वतःच वाकून रेषा आखू लागले. गुडघे दुखायचे त्यांचे. रेषा वाकडी आली. तो सगळा मोसम ते स्वतःच आखत राहिले. संघ बहुतेक हरला. कप्तान चषकाला हात न लावताच कॉलेजातून बाहेर पडली.

हे गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कप्तान आणि भातकुलीची मुलगी दोघी आल्या होत्या, पण एकमेकींपासून दूर बसल्या. नंतर कुणी न सांगता कप्तानच मुलींना शिकवायला येऊ लागली. येताना आमच्या अंगणातून डबा घेऊन जायची.

परवा धामणगावला संघ पुन्हा हरला. शेवटचा चेंडू भातकुलीच्या मुलीनेच चुकीचा दिला, असं कानावर आलं. काल मी खिडकीत उभी होते. कप्तान डबा घेऊन मैदानात आली, तशी ती मुलगी आपणहून पुढे झाली आणि तिने हात पसरला.

"द्या ताई."

"तुले कोनं बलावलं? सरक मांगं, रेषेवर उभी राहून राहिली! जाय, चेंडू उचल."

कप्तान वाकून चुना टाकू लागली. रेषा सरळ येत होती. यांची कधीच आली नव्हती. मी खुर्ची खिडकीशी ओढली.