तिसऱ्या नंबराचे पेढे

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, आजही नाही. तरी मागचा एक अख्खा हंगाम मी लातुरात बसून पोलंडमधल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये घालवला. बघायला लागले ते लेकासाठी, आणि शेवटी शेवटी मी लेकाच्या बाजूने आहे की विरुद्ध, हेच मला कळेना झालं.

आमचा मुलगा फिजिओथेरपी शिकला. पुढच्या शिक्षणाला पोलंडला गेला आणि तिथल्याच एका गावच्या फुटबॉल संघात खेळाडूंचे दुखरे गुडघे-घोटे बघायच्या कामाला लागला. संघाचं नाव घ्यायला गेलं की माझ्या जिभेची गाठ होते, म्हणून घरात आम्ही त्याला नुसतं 'आपला संघ' म्हणायचो. हंगाम सुरू झाला तेव्हाच मुलाने फोनवर सांगितलं, "आई, माझा करार जूनपर्यंतच आहे. संघ वरच्या लीगमध्ये गेला तर अजून दोन वर्षं ठेवून घेणारेत. नाही गेला तर परत येतो."

"जाईल रे राजा, नक्की जाईल," मी म्हणाले. फोन ठेवला आणि पोटातून आवाज आला, नको गं बाई, जाऊ नये. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. माझं लेकरू मला घरी हवं होतं, त्यात काय चुकलं? पण आत्ताच त्याला तोंडभर आशीर्वाद दिला होता, तो काय खोटा होता? तो खोटा नव्हता. इथूनच माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

मी मुलींची मेस चालवते. क्लासला आलेल्या बाहेरगावच्या पोरी माझ्याकडे जेवतात. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी, त्यामुळे मी आणि आमचे हे मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसायचो. सामना दिसायचा कधीतरीच, बहुतेक वेळा नुसते आकडे बदलायचे. ह्यांची सगळी नोकरी कॉलेजच्या प्रवेश विभागात गेली. गुणवत्ता यादी, प्रतीक्षा यादी, पहिली फेरी, दुसरी फेरी, सगळं तोंडपाठ. गल्लीत कुणाच्या पोराची यादी लागली की आधी ह्यांच्याकडे धावत येणार. त्यामुळे लीगचा तक्ता बघितल्याबरोबर ह्यांचा चेहरा खुलला. "अगं, यादीच तर हाय ही. वरून खाली नंबर. सोपं हाय."

डोंबल सोपं! दुसऱ्या दर्जाच्या लीगला ते लोक पहिली लीग म्हणतात, मग पहिलीला काय म्हणतात ते विचारायची सोय नाही. सामना कुणीच जिंकला नाही तरी दोघांनाही एकेक गुण. एकदा आपला संघ तळाच्या संघाकडून हरला आणि तरी यादीत एक पायरी वर चढला. हे म्हणाले, वरच्याने जास्त गोलांनी माती खाल्ली असेल. डिसेंबरात सामनेच बंद झाले. आम्हाला वाटलं संघ बुडाला, तर मुलगा म्हणाला, बर्फ आहे, फेब्रुवारीपर्यंत सुट्टी. मार्चच्या शेवटी एका रविवारी आम्ही वेळेवर तांब्यापुढे बसलो तर अर्धा सामना आधीच उरकलेला. तिकडं म्हणे उन्हाळ्यासाठी घड्याळंच तासभर पुढे करतात. मी हात टेकले.

एवढं मात्र मला कळत होतं की संघ चांगला खेळत होता. तो जिंकला की मुलाचा फोन यायचा, आवाज नुसता उड्या मारत असायचा. मी दोन वाक्यं बोलून "भाजी लागते रे" म्हणायचे आणि फोन ह्यांच्या हातात द्यायचे. संघ हरला की तो बारीक आवाजात बोलायचा. मग मी गॅस बंद करायचे, खुर्चीत बसायचे, शेजारच्यांच्या लग्नापासून मेसमधल्या पोरींच्या भांडणापर्यंत सगळं सांगायचे. त्याची समजूत घालते आहे असं मला खरंच वाटायचं.

एप्रिलमध्ये नांदेडला आक्काकडे गेले होते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सगळं ऐकून म्हणाली, "माहूरला चल. रेणुकामायची ओटी भर आणि काय ते माग. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे." भोकरच्या पुढे गाडीत मला उमाळ्याने रडू आलं. कामून रडून राहिली म्हणून आक्काने विचारलं, तर मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. वर चढून गेलो. खण-नारळ दिला, हात जोडले आणि बोलायला तोंड उघडलं, तर काय मागू? संघ वर जाऊ दे म्हटलं तर माझं पोर दोन वर्षं गेलं. संघ पडू दे म्हटलं तर आईच्या दारात उभं राहून आपल्याच लेकराचं वाईट मागितलं. मागे बायकांची रांग. "सरका पुढं, सरका," चाललेलं. मी काही न मागताच सरकले.

पायऱ्या उतरताना आक्काने विचारलं, "काय मागितलंस?"

"काही न्हाई."

"एवढ्या लांब येऊन काही न्हाई?" आक्का कडाडली. "मग पाय दुखवायला आलीस का गं?" प्रसादाचा कुटलेला विडा तिने रागारागात माझ्या हातावर ठेवला. तिचं बरोबरच होतं.

मेच्या शेवटी लीगचे सामने संपले आणि आपला संघ तिसरा आला. ह्यांनी चष्मा पुसून तीनदा यादी वाचली आणि कुणाला काही न विचारता बाहेर पडले. आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. "अठरांत तिसरा! यादीत नाव लागलं गं!" गल्लीत वाटले, मेसच्या पोरींना वाटले, समोरच्या किराणावाल्याला हाताला धरून खायला लावला. त्यानेही विचारलं नाही, कशाची यादी म्हणून. लातुरात तिसरा नंबर म्हटल्यावर पुढचं विचारायचंच नसतं.

मी पेढा हातात धरून उभी. मुलाची बारावीची यादी लागली होती तेव्हा दुनियेला याद्या वाचून दाखवणाऱ्या या माणसाने आपल्या पोराचं नाव वरून खाली आणि खालून वर शोधलं होतं. मेडिकलच्या यादीत ते नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले नव्हते. हे आज वाटत होते ते पेढे तेव्हाचे होते. मला त्यांची दया आली, रागही आला, आणि पेढा मी तसाच देवापुढे नेऊन ठेवला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "बाबा, पेढे कामून वाटले? पहिले दोनच सरळ वर जातात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत चौघांचे अजून सामने आहेत. त्यातला एकच जाणार."

ह्यांनी पेढ्यांचा रिकामा पुडा चुरगाळला. मग सावरून म्हणाले, "म्हंजे उरलेल्या जागांची स्पॉट राउंड हाय म्हण की." मुलाला हसू आलं. मला वाटलं, आता तरी देवा एक काहीतरी ठरव, माझ्याच्याने होत नाही.

चौघांतला पहिला सामना आपण जिंकलो. शेवटचा रविवारी होता, दिवेलागणीच्या वेळी. मुलाने मोबाइलवर दिसेल अशी सोय करून दिली होती. बोलणाऱ्याचं एक अक्षर कळत नव्हतं. एक-एक अशी बरोबरी असताना आपल्या संघातला एक पोरगा धाडकन पडला आणि पाय धरून कळवळायला लागला. तेवढ्यात कडेने एकजण पिशवी घेऊन पळत आला. पळण्यावरूनच मी ओळखलं.

माझं पोर त्या गवतात गुडघ्यांवर बसलं होतं. त्याने त्या पोराचा पाय आपल्या मांडीवर घेतला, इतका हळू, जसा मी कधी याचा ताप उतरलाय का बघायला कपाळाला हात लावायचे. पडलेल्याने ह्याचा खांदा गच्च धरला होता. ह्याने काहीतरी सांगितलं तसा तो हसला. इतके दिवस मी लोकांना सांगत होते, काही नाही हो, खेळाडूंचे पाय चोळतो. आणि इथे हजारो माणसं उभी राहून माझ्या लेकाच्या हातांकडे बघत होती.

"जिंका रे, जिंका मेल्यांनो!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की हे दचकले. त्या घटकेला माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, शपथ.

शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांनी गोल केला. आपण हरलो.

हे उठून गॅलरीत गेले. मी मोबाइलसमोर तशीच बसले. तासाभराने कुकर चढवून परत बसले, तोवर फोन वाजला.

"आई, आता येतो मी घरी."

हंगामभर ज्या वाक्याची मी वाट बघितली, ते हे. "हाव, ये," मी म्हणाले.

तो म्हणाला, "तुला बरं वाटलं ना?" चिडून नाही, लहानपणी भूक लागली का विचारायचा तसं. "मला माहीत होतं, आई. हरलो की तू लई बोलायचीस."

नाही म्हणू तर खोटं, हाव म्हणू तर तेही आता खरं राहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली, मग दुसरी, मग तिसरी.

"त्या पडलेल्या पोराचा पाय कसा हाय रे?" मी विचारलं.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो सांगायला लागला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला काय ताणलं गेलं, बर्फ किती वेळ ठेवला, ते पोरगं एवढं का रडत होतं. मला निम्मं कळलं नाही. हे गॅलरीतून आत आले आणि फोनसाठी हात पुढे केला. मी मान हलवून नको म्हटलं आणि कुकर तेवढा बंद करायला सांगितला.