माजिवड्याचा दगड आणि आभाराचं पत्र

माझी पहिली नोकरी सरकारच्या पुराणवस्तूंच्या कचेरीत होती. काम ठसे घेण्याचं. लेख कोरलेल्या दगडावर ओला पातळ कागद बसवायचा, ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत शिरवायचा आणि मग वरून शाईची पुरचुंडी हलकेच टेकवत जायची. अक्षरं पांढरी राहतात, बाकीचा कागद काळा होतो. मी डोंबिवलीत राहत असल्याने ठाणे-कल्याणकडचं काही निघालं की ते माझ्याकडे येई.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माजिवड्याच्या शाळेतल्या मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. रस्ता रुंद होतो आहे, वाटेत एक लिहिलेला दगड आहे, मुकादम तो फोडून खडी करणार म्हणतो, आणि गावातल्या तीन बायका फोडू देत नाहीत. कोणीतरी लवकर यावं. 'लवकर' या शब्दाखाली साहेबांनी लाल रेघ मारली. तरी मी तिथे पोचलो तो नवव्या दिवशी.

दगड छातीइतका उंच होता आणि त्याला टेकून दोन बायका बसल्या होत्या. थोरली पन्नाशीची, विधवा. जन्म मिठागरात गेलेला, टाचा मिठाने फाटलेल्या. दुसरी तिची धाकटी जाऊ, मांडीवर तान्हं मूल. मधली जाऊ मिठागरावर गेली होती. रोज एकीने कामाला जायचं, दोघींनी बसायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं.

दगडाच्या खालच्या भागाला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला होता. मी विचारलं, "हे कशाला?"

"खाली चित्र वंगाल हाय," थोरली म्हणाली. धाकटी पदराआड हसली.

अशा दानलेखांखाली काय कोरतात ते मला ठाऊक होतं. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी असते, गाढव आणि बाईच्या रूपात. मी त्याचाही ठसा घेतला. तेवढा वेळ दोघी पाठ फिरवून बसल्या.

मुकादम जवळच उभा होता. माणूस वाईट नव्हता. पहिल्या दिवशीची हकिगत त्यानेच सांगितली. "पहार उचलली तर म्हातारीनं दगडाला मिठीच मारली. म्हणते, मारतोस त मना मार. मग मी जेवायला गेलो. दुसरं काय करणार?"

मी थोरलीला विचारलं, "तुम्ही याची पूजा करता का?"

"सासू शेंदूर लावाची. ती गेली त मी लावते." मग तिने विचारलं, "यावर लिवलंय काय?"

जमेल तेवढं वाचून दाखवलं. कुणीतरी कुणाला तरी शेत दिलं आहे, ते कुणी हिरावून घेऊ नये.

"कंचं शेत?"

"ते कळत नाही. तिथली अक्षरं झिजलीत."

"आमचंच असल," ती म्हणाली. ती हसली नाही, मीही हसलो नाही.

मी अहवाल दिला. रस्ता सरकवता येणार नाही असं ठरलं. त्याऐवजी गावातल्या बारा माणसांनी दोर लावून दगड देवळाच्या भिंतीशी नेऊन उभा केला. साहेब खूश झाले आणि त्यांनी मला आभाराचं पत्र लिहायला सांगितलं, इंग्रजीत. 'स्थानिक रहिवाशांनी दिलेल्या सहकार्याबद्दल.'

"साहेब, तीन बायका होत्या. नावं घालू का?"

"नावं घातलीत की उद्या तिघींच्या तीस होतील," साहेब म्हणाले.

पत्र घेऊन मीच गेलो. शाळेच्या ओट्यावर तिघी बसल्या आणि मी ते मराठीत सांगितलं. थोरलीने पुरतं ऐकून घेतलं.

"यान आमी कंच्या?"

मी 'रहिवासी' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं.

"म्हंजे मुकादम बी त्यानच?"

मास्तरांनी पत्र चौकटीत घालून शाळेत लावायचं कबूल केलं. तिघी उठल्या. घरी न्यायला म्हणून त्यांनी ते मागितलं नाही.

कचेरीतल्या नोंदवहीत 'कोणाकडून कळले' असा एक रकाना असे. त्यात आम्ही सहसा मामलेदार किंवा तलाठी लिहीत असू. त्या वेळी मी तिघींची नावं लिहिली, मास्तरांकडून विचारून घेऊन, पूर्ण. मास्तरांनी सांगितलं की थोरलीच्या म्हणण्याप्रमाणे धाकटीचं पहिलं घालायचं. मांडीवर मूल घेऊन ती सगळ्यात जास्त बसली होती. साहेबांनी पानावर सही केली. रकाना वाचला की नाही, कोण जाणे.

थोरली काही वर्षांनी वारली. ते मला धाकटीकडूनच कळलं, ठाण्याच्या बाजारात, मासळीच्या ओळीत. तिनेच मला ओळखलं.

"दगर हाय ना बरा?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"हाय. पन पोरं त्यावर चढून बसतात," ती म्हणाली. "येता जाता मी उठवते."