टाकीतलं साबणपाणी

माझा मामा मेकॅनिक. दुसऱ्याच्या गाडीची नुसती खोकल्यासारखी घरघर ऐकून दुखणं सांगेल, पण स्वतःच्या म्हाताऱ्या गाडीपाशी दिव्याखाली अंधार. काच धुवायचं बटण दाबलं की फवारा उडायचाच नाही. दोन बारीक ओघळ बॉनेटवर यायचे आणि वायपर कोरड्या धुळीवर करकरत फिरायचा. गेल्या आठवड्यात समोरून ऊन आलं, काच पांढरीफटक झाली आणि एक सायकलवाला थोडक्यात वाचला. तेव्हापासून मामाने गाडी हलवली नव्हती.

मी गेले तेव्हा तो बॉनेट उघडून बसला होता.

"भोकं टाचणीने साफ केली, नळी फुंकली, मोटर दोनदा बदलली," तो म्हणाला.

"आणि पाण्याची टाकी?"

"टाकीला काय धाड भरलीये?"

मला माहीत होतं. मामी साबणाचे उरलेसुरले तुकडे कधी फेकायची नाही. गुलाबी साबण, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत ओतायची. मामा कुरकुरला की म्हणायची, "अहो, आधी हात धुवा, मग बोला." काळे हात घेऊन तिने त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. लहानपणी मी मागच्या सीटवर लोळायचे. काचेवर फवारा उडाला की थेंबाथेंबात ऊन शिरायचं, गाडीभर तो वास पसरायचा आणि माझे डोळे आपोआप मिटायचे. जागी व्हायचे तेव्हा घर आलेलं असायचं.

मामी जाऊन वर्ष झालं. मामा वरून साधं पाणी घालत राहिला, पण टाकी त्याने एकदाही रिकामी होऊ दिली नाही.

"ते काढलं की संपलं गं सगळं," तो हळूच म्हणाला.

मला रडूच आलं, आणि रागही. "मामा, सायकलवाल्याचं मामीला कळलं असतं ना, तर तुला जेवायला वाढलं नसतं तिने."

मामाने पाना उचलला. मग टाकी उतरवली. तळाच्या जाळीला दाट, गुलाबी लगदा चिकटला होता. तो त्याने बोटाने अलगद काढून तळहातावर घेतला. टाकी नळाखाली खळबळून बसवली, चांगलं पाणी भरलं.

"दाब," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. दोन धारा कमान करून थेट टपापर्यंत गेल्या. काचेत आभाळ उतरलं आणि क्षणभर मी पुन्हा मागच्या सीटवरची मुलगी झाले.

मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो नळाशी उभा राहून तो लगदा हातांवर चोळत होता. कोपरापर्यंत फेस झाला. नखांतलं वर्षभराचं काळं निघेपर्यंत त्याने हात चोळले, लगदा पुरता संपवला.

मग ओले हात घेऊन तो दारापाशी गेला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. आत कोणी नव्हतं. त्याने दोन्ही तळवे पुढे केले.

"धुतले गं," तो म्हणाला, आणि आत गेला.